पुढच्या अंकातली दुरुस्ती

तो मोबाइल पालथा ठेव आधी. तोंडावर उजेड पडला की माझी गाडी अडते. आणि मध्येच 'मग काय झालं' करायचं नाही. सांगणारच आहे, पळून जात नाही मी.

बसस्टँडसमोरचा घड्याळवाला ठाऊक आहे ना? माणूसभर रुंदीचं दुकान, डोळ्याला कायम भिंग. थापा मारणारा माणूस नव्हे. घड्याळ संपलं असेल तर तोंडावर सांगतो. त्याच्यासोबत घडलेलं हे. मला सांगताना त्यानं डोळ्याचं भिंग काढून बाजूला ठेवलं, म्हणून मी खरं मानतो.

घरी तो आणि त्याची आई, दोघंच. आई ऐंशीच्या घरात. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, आणि झोपेशी तर वैरच. रात्रभर कूस बदलायची. गेल्या वर्षी तिनं एकच धोशा लावला, "मला माझ्या आईशेजारी पुरा. तिच्या कुशीत झोपल्याचं मला आठवतसुद्धा नाही रे."

पण कबर कुठली, कुणाला माहीत? आई चार महिन्यांची असताना आजी गेली. आईच्या मावशीनं बाळाला दूर नेऊन वाढवलं आणि ते खेडं सुटलं ते सुटलंच. त्यात कळलं, तिथल्या दफनभूमीचा जुना कोपरा रस्त्यात जाणार. ज्यांचं कुणी पुढे येणार नाही, त्यांची हाडं एकत्र करून एकाच खड्ड्यात.

मग हा वाचनालयात जाऊन जुनी साप्ताहिकं उपसत बसला. शिंकून शिंकून बेजार झाला, पण बातमी सापडली. नदीत नाव उलटली. मृतांमध्ये आजीचं नाव आणि पुढे छापलेलं, 'व तिची तान्ही मुलगी'.

म्हणजे याची आई! घरी बसून चहात साखर कमी म्हणून कुरकुरणारी!

पुढच्या अंकात, अगदी कोपऱ्यात, दुरुस्ती होती. मूल नावेत नव्हतंच. शेजारणीकडे ठेवलं होतं, सुखरूप आहे. पण आजोबा होते जहाजावर. त्यांच्या हाती पडला पहिला अंक. दफनभूमीच्या जुन्या वहीत एवढीच नोंद, त्यांनी कबरीवरच्या दगडाचे पैसे पाठवले, दोन्ही नावं कोरायला सांगितली आणि पुन्हा कधी घरी आले नाहीत. मावशी मरेपर्यंत त्यांना शिव्या घालायची. दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, हे तिला कुठे माहीत?

तर शोधायचा दोन नावांचा दगड. झिजलेली अक्षरं उन्हात दिसत नाहीत. घड्याळाच्या झाकणामागचं पुसट नाव कसं वाचतात? अंधारात, दिवा आडवा धरून. रेघेत सावली पडते. म्हणून हा रात्रीच गेला. नोव्हेंबरातला तिसरा शनिवार. आईला औषध दिलं, बाहेरून कुलूप लावलं, स्कूटर काढली. सोमवारी खोदकाम सुरू होणार होतं.

साडेअकराच्या सुमारास भिंतीकडच्या रांगेत त्यानं एका दगडाला टॉर्च चिकटवला आणि अक्षरं वर आली. आजीचं नाव. त्याखाली आईचं. आपल्या जित्याजागत्या आईचं नाव कबरीवर वाचायचं... त्याला रडूच कोसळलं.

"सापडली का?"

मागून आवाज. त्याला वाटलं, राखणदाराची बायको असेल. भिंतीपाशी एक बाई उभी. तरुण, विशीतली. केस ओले.

"काय सापडली?"

"मुलगी माझी." ती जवळ आली नाही. "शेजारी ठेवली होती. संध्याकाळी येते म्हटलं होतं... गेले तर दार बंद."

आणि हा बोलला. का बोलला, त्यालाही सांगता येत नाही.

"ती... घरी आहे."

"रडते?"

"झोपत नाही. रात्रभर."

तिनं ओले केस मागे सारले.

"कुठलं घर?"

आणि या शहाण्यानं सांगितलं! बसस्टँडमागची गल्ली. निळं दार.

टॉर्च वळवला. भिंत. नुसती भिंत...

मग डोक्यात उजेड पडला. आपण कुणाला... कुणाचा पत्ता दिला?

स्कूटर कशी हाणली, त्याला आठवत नाही. पाऊण तासाचा रस्ता. सारखं एकच मनात, घेऊन जाईल. ती तिला घेऊन जाईल.

कुलूप होतं तसंच. उघडलं. आत शांत. कूस बदलल्याचा आवाज नाही. कण्हणं नाही. काहीच नाही.

"आई?"

...

"आई!"

गेली का, म्हणून काय विचारतोस? बस खाली. आहे अजून, ठणठणीत आहे. सोमवारी यानं दोन्ही अंक दाखवून आजीची हाडं आणि तो दगड नव्या जागी हलवून घेतला, शेजारची जागाही राखून ठेवली. ते सगळं झालं. पण त्या रात्री दिवा लावला तेव्हा आई गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. आणि तिची चादर... हनुवटीखाली एक घडी, दोन्ही हात आत, दोन्ही टोकं पाठीखाली घट्ट खोचलेली. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तशी. स्वतःचं स्वतःला तसं गुंडाळता येत नाही. घरी जाऊन करून बघ.