तळातून आलेले ठोके

निकासियोच्या लेकीचं, रोसेंदाचं लग्न झालं, त्याच वर्षी हे घडलं. यातलं एक अक्षरही पदरचं नाही. जागा आर्जेंटिनातल्या सान हुआनची राखाडी दरी. वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारची होती. आमच्याकडे त्या वेळी शहाणा माणूस दाराबाहेर पाऊल टाकत नाही.

निकासियो बकऱ्या राखायचा. वर्षातले तीन महिने मात्र विद्यापीठातल्या ओफेलियाबाईंबरोबर दगडातली हाडं शोधायचा. डायनासोरांच्याही आधीचे सरपटणारे प्राणी, हा बाईंचा विषय. हातभर लांबीच्या एका प्राण्याने त्यांना वेड लावलं होतं. त्याचे पाय सरड्यासारखे फाकलेले नव्हते, अंगाखाली उभे होते. कंबर मिळाली, मांडी मिळाली.

डोकं मिळत नव्हतं. चार वर्षं.

"मला जावई सापडला, तुम्हाला सरड्याचं डोकं सापडेना!" निकासियोची बायको चिडवायची.

"सरडा नका म्हणू हो, वाईट वाटेल त्याला," बाई हसायच्या.

बाईंचे दोन नियम होते. उतारावर हाडाचे तुकडे दिसले की वर चढायचं, कारण तुकडे वरच्या थरातून घरंगळतात. आणि दोघं लांब गेले तर हातोडीने दगडावर तीन ठोके द्यायचे. दुसऱ्याने तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं आणि आवाजाकडे जायचं.

त्या सकाळी निकासियोच्या हातोडीचा दांडा मोडला. बाईंनी आपली पुढे केली.

"घ्या. मी नुसती बघून येते. हरवू नका हं, वडिलांची आहे."

"तुम्ही हरवू नका म्हणजे झालं."

तेच शेवटचं बोलणं.

दुपारी गरम वारा सुटला. बाई जेवायला आल्या नाहीत. चीज आणि पाव तंबूत तसाच वाळत राहिला.

मग वारा एकदम पडला...

टक. टक. टक.

खालून. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून.

निकासियोने तीन ठोके परत दिले. आणि तो निघाला...

वर.

तुकडे वरून येतात, म्हणजे बाईही वरच असणार. दरीत आवाज फसवतो, असं त्याने मनाला समजावलं. बकरी हरवली असती तर तो आधी खालीच गेला असता. पण हाडांच्या कामाने त्याच्या पायांना चढायचीच सवय लावली होती.

कड्यावर कुणी नव्हतं. धुळीत एक पाऊलही नव्हतं.

टक. टक. टक. पुन्हा खालून... हळू.

तो आणखी वर चढला.

उन्हं कलली तेव्हा दोनच ठोके आले. मग एक...

मग काहीच नाही.

दुसऱ्या सकाळी बाई पात्रात सापडल्या. मान मोडलेली. कधीकाळी कड्याचा एक भाग थरासकट खाली घसरला होता, त्याच्या पायथ्याशी. हाताजवळच्या दगडात बोटाएवढा जबडा होता. बारीक, सुरेख दात. डोकं इतकी वर्षं खालीच होतं. बाईंना ते कळलं होतं.

निकासियो गुडघ्यांवर बसला. कमरेला काहीतरी टोचलं.

बाईंची हातोडी...

आदल्या सकाळपासून ती त्याच्याच कमरेला होती. त्याने आजूबाजूचा दगड न् दगड पाहिला. ठोक्याची खूण एकावरही नव्हती.

गावच्या डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा काय दोष? तुम्ही ठोके ऐकले तेव्हा त्या नव्हत्याच."

"तेच तर," निकासियो म्हणाला. "गेल्यावरही मलाच बोलावत होत्या. आणि मी वर गेलो."

अजूनही भर दुपारी सगळं गाव झोपलं की तो पात्रात उतरतो. त्याच हातोडीने तीन ठोके देतो आणि कान लावून बसतो. उत्तर एकदाही आलेलं नाही. बायको हाक मारते, तरी तो उठत नाही.

ओफेलिया बार्रिएन्तोस, वय एकोणसाठ. त्या वर्षीच्या चौदा ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास वारल्या. पहिले ठोके आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.