पहिल्या चॅनेलवरचा श्वास

मेहुणे नक्की कुणाचे मेहुणे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळेच त्यांना मेहुणे म्हणत. ड्रमवाला, पियानोवाली, हॉलचा मॅनेजर, पोस्टर चिकटवणारा, सगळे. खरं नातं एकट्या गायकाशी. गायक म्हणजे मेहुण्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्यांचे भाऊजी. आणि गंमत अशी की एकटे भाऊजीच त्यांना मेहुणे म्हणत नसत. ते म्हणत, पोरा. एकोणिसाव्या वर्षी मेहुण्यांनी त्यांच्या साउंडच्या मिक्सरला पहिल्यांदा हात लावला तेव्हापासून पोरा. आता या पोराच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते.

अडतीस वर्षं भाऊजींनी रॉक गायलं. मेहुण्यांच्या भाषेत, बोंबलले. लोकांनी प्रेमानं नाव ठेवलं होतं भोंगा, आणि भोंग्याची बोंब लोकांच्या कानाला सोसेल एवढी करून वाढायचं काम मेहुण्यांचं. त्या आवाजामागचं सगळं त्यांना ऐकू यायचं. बावीस वर्षांपूर्वी उड्या मारताना माइकचा स्टँड भाऊजींच्या नाकावर आदळला, हाड वाकलं, आणि तेव्हापासून श्वास आत घेताना डाव्या नाकपुडीत एक बारीक शीळ वाजायची. ड्रमच्या दणदणाटात ती कुणाला कळणार? ताईला कळायची, घरी, शेजारी झोपताना. आणि मेहुण्यांना, हेडफोनमध्ये.

दोघांची एक खूणही होती. दम कमी पडला की भाऊजी गाता गाता कॉलरला हात लावत. मग मेहुणे आवाजाला थोडा एको देऊन ती फट बुजवत. लोकांना वाटायचं स्टाइल आहे. पुढे पुढे तर नवे गायकही उगाच कॉलर धरून गायला लागले.

मागच्या वर्षी भाऊजींच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा तुकडा काढावा लागला. ओरडणं बंद, डॉक्टरांनी सांगितलं. चार महिने भाऊजी भिंतीकडे तोंड करून बसले. ताई म्हणायची, घरात माणूस आहे की कपाट तेच कळत नाही. मग एके दिवशी ते जुन्या जॅझ रेकॉर्डी काढून बसले. संथ, कुजबुजीतली गाणी, जी सगळ्यांना पाठ असतात आणि म्हणूनच गायला अवघड. त्यातली नऊ त्यांनी निवडली आणि हॉल ठरवला. एका पेपरानं छापलं, भोंगा आता अंगाई गाणार. भाऊजींनी ते कात्रण आरशाला चिकटवलं. रागानं की हौसेनं, ते त्यांनाच माहीत.

रविवारी दुपारी चारचा कार्यक्रम. सकाळीच ताईनं मेहुण्यांना बाजूला घेतलं. नवऱ्यासाठी तिनं नवा सूट शिवून घेतला होता आणि गळा आवळतोय म्हणून तो सकाळपासून कुरकुरत होता. पण तिला बोलायचं होतं ते वेगळंच.

“त्याचा श्वास तुला ऐकू येतो,” ती म्हणाली. “मला तिथे खुर्चीत बसून कळणार नाही. तू लक्ष ठेव. अडतोय वाटलं तर सरळ बंद कर सगळं. तो शिव्या देईल. खा.”

मेहुणे हो म्हणाले. शनिवारच्या तालमीत काय ऐकलं ते त्यांनी तिला सांगितलं नाही.

तालमीत ऐकलं ते एवढंच होतं. हॉल जुना, चारशे खुर्च्यांचा. भिंतींना गडद लाकडी फळ्या, स्टेजची जमीन मधोमध पावलांनी झिजून फिकट झालेली. मिक्सर शेवटच्या रांगेमागे, कठड्याला लागून. पहिला चॅनेल भाऊजींच्या माइकचा, नेहमीप्रमाणे. रॉकमध्ये श्वास झाकला जातो. इथे मागे फक्त पियानो, बास आणि ड्रमवर फिरणारे ब्रश, त्यामुळे दोन ओळींमधलं सगळं उघडं पडत होतं. भाऊजींची शीळ मेहुण्यांना अपेक्षितच होती. पण तिच्या आधी, अर्धा ठोका आधी, आणखी एक श्वास होता. खोल, स्वच्छ, भरलेल्या छातीचा.

मेहुण्यांनी वायर बदलली. माइक बदलला. बासवाला जवळ उभा राहतो म्हणून त्याला चार पावलं मागे ढकललं, त्यानं तोंड वाकडं केलं ते निराळं. एसी बंद करायला लावला. श्वास तिथेच. हॉलचा वायरमन शिडीवर दिवा बदलत होता, त्याला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, या हॉलमध्ये काही घुमतं वगैरे का? वायरमन म्हणाला, माइक नव्हते तेव्हापासून लोक इथे गातात, हा हॉल आवाज लवकर सोडत नाही. आणि पुन्हा दिव्याकडे वळला.

मेहुण्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपलेच कान गेले. सत्तावन्नाव्या वर्षी जायचेच. हे कुणाला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी मिक्सरवर दुसरा माणूस बसेल, आणि भाऊजींचा श्वास ओळखणारं कुणीच उरणार नाही. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

चारला पडदा उघडला. हॉल भरला होता. भाऊजी उंच स्टुलावर बसले, टाळ्या संपेपर्यंत थांबले, आणि पहिलं गाणं इतक्या हळू उचललं की पुढच्या रांगेतल्या बाईनं चुळबुळ थांबवली. ताई तिसऱ्या रांगेत, कडेला. मेहुण्यांना तिची फक्त मान दिसत होती, ताठ.

दोन श्वास. आधी तो, मग शिळेचा.

पहिल्या गाण्यात मेहुण्यांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्यात त्यांनी तेच केलं जे कुठलाही साउंडवाला करतो. चॅनेलचा आवाज वर-खाली करायची सरकपट्टी, फेडर, तिच्यावर बोट ठेवलं आणि नको तो श्वास येताना ती खाली ओढली, हवा तो येताना वर केली. पहिला दाब, दुसरा सोड. दोन ओळींतच बोटाला लय सापडली. नको तो आवाज नाहीसा झाला आणि मेहुण्यांच्या जिवात जीव आला.

तिसऱ्या गाण्यापासून भाऊजी असे काही गायला लागले की मेहुण्यांनी हेडफोन काढून गळ्यात टाकले. हा आवाज हॉलमध्येच ऐकायचा होता. लांबच्या लांब ओळी, एकीत दोन ओवलेल्या, कुठे घाई नाही, कुठे ओढ नाही. खिडकीत दिवा ठेवून वाट बघणाऱ्या बाईचं ते गाणं. भाऊजींनी तिची सगळी संध्याकाळ एका सुरात बसवली. मेहुण्यांचे डोळे भरून आले. अडतीस वर्षं या माणसाला आपण बोंबलताना ऐकलं आणि आत हे होतं! बोट आपलं काम करतच होतं. पहिला दाब, दुसरा सोड.

चौथ्या गाण्यात भाऊजींनी कॉलरला हात लावला.

मेहुण्यांनी पाहिलं. आवाज तर भरलेला होता, कुठे फट नव्हती. नवा सूट, त्यांना वाटलं. सकाळपासून रडतायत गळ्याच्या नावानं. थोड्या वेळानं भाऊजींनी पुन्हा कॉलर धरली, या वेळी मुठीत, आणि अंधारात शेवटच्या रांगेच्या दिशेनं बघितलं. मेहुण्यांनी अंगठा उंचावून दाखवला. झकास चाललंय.

त्यानंतर कॉलरला हात गेला नाही.

सहाव्या गाण्याच्या सुरुवातीला पियानो जरा मोठा वाटला म्हणून मेहुण्यांनी हेडफोन पुन्हा चढवले. बोट चालूच होतं. फेडर खाली जायच्या क्षणी त्यांच्या कानात बारीकशी, तुटलेली, एक शीळ आली.

पहिल्या श्वासात.

बोटानं तो दाबून टाकला. मग दुसरा आला, खोल, स्वच्छ. बोटानं तो जाऊ दिला. आणि त्या श्वासावर भाऊजी गायले.

क्रम बदलला होता. कधी? पाचव्या गाण्यात? चौथ्यात, कॉलर धरली तेव्हा? का त्याच्याही आधी, मेहुणे स्वतः डोळे मिटून मान डोलवत होते तेव्हा? दोन-तीन गाणी ते आपल्याच माणसाचा श्वास कापत बसले होते, ओळीमागून ओळ, एकही न चुकता.

त्यांनी फेडरवरचं बोट उचललं.

पुढच्या ओळीआधी एकच श्वास आला. स्वच्छ. त्याच्या पुढच्या ओळीआधीही तोच.

मेहुण्यांनी फेडर वर ढकलला, आणखी वर, शीळ कुठेतरी मागे असेल तर सापडावी म्हणून. स्पीकर किंचाळले. चारशे माणसं दचकली, ताईची मान गर्रकन वळली. त्यांनी घाईनं फेडर खाली घेतला. स्टेजवर भाऊजींनी मात्र पापणीसुद्धा हलवली नाही. ओळ जिथे होती तिथून पुढे नेली.

सरळ बंद कर सगळं, ताई म्हणाली होती. मेहुण्यांचा हात बटणापर्यंत गेला. पण हेडफोनमध्ये, सुरांच्या खूप तळाशी, काहीतरी होतं. शीळ नव्हे, शिळेची खरखर. त्याच चॅनेलवर. हा चॅनेल बंद केला तर ती जाणार कुठे? हात तसाच अधांतरी राहिला.

सातवं गाणं. आठवं. आता ओळींच्या मध्ये काहीच येत नव्हतं. स्वच्छ श्वाससुद्धा नाही.

नवव्याचा शेवटचा सूर भाऊजींनी धरला तेव्हा मेहुण्यांनी घड्याळाकडे बघितलं. सेकंदकाट्यानं एक फेरी पूर्ण केली. मग आणखी अर्धी.

लोक उभे राहिले.

मेकअपच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊजी आरशासमोर बसून बोलत होते. एक वाक्य संपायच्या आत दुसरं. कोण कोण आलं होतं, पियानोवालीनं कुठे कमाल केली, पुढचा कार्यक्रम कधी. पाण्याचा ग्लास भरलेलाच होता. ताईचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. तिनं भावाचा हात धरला आणि हळूच म्हणाली, “दमला नाही रे अजिबात. आणि ऐकलंस का? नाकातली शिट्टीच गेली त्याची. बावीस वर्षं झोपू दिलं नाही मेलीनं.” आणि ती हसली.

मेहुण्यांना हसता आलं नाही. त्यांनी आरशात भाऊजींच्या नजरेला नजर दिली आणि सावकाश आपल्या कॉलरला हात लावला.

भाऊजी थांबले. त्या हाताकडे त्यांनी कुतूहलानं बघितलं.

“गरम होतंय का, मेहुणे?” त्यांनी विचारलं.

मेहुण्यांनी कॉलरवरचा हात खाली घेतला. ताई कुणाकडून तरी फुलं घेत होती, तिच्या लक्षात आलं नाही. तिला काय सांगणार? आज इतक्या दिवसांनी ती हसत होती. वायरी गुंडाळायच्यात, असं काहीसं पुटपुटून ते बाहेर पडले.

हॉल रिकामा झाला होता. वरच्या खिडक्यांतून उन्हाचे पट्टे खुर्च्यांवर पडले होते. स्टेजवर स्टूल आणि त्याच्यासमोर माइक, बाकी कुणी नाही. मिक्सर अजून चालू होता. मेहुणे जवळ गेले आणि पहिल्या चॅनेलपाशी त्यांचे पाय थबकले. आवाजाची पातळी दाखवणारे हिरवे दिवे तिथे हलत होते. चार दिवे वर चढायचे, उतरायचे. थोडं थांबून पुन्हा चार.

त्यांनी हेडफोन लावले.

शीळ होती. बारीक, डाव्या नाकपुडीतली, शेवटाला जराशी अडखळणारी. ती अडखळही त्यांच्या ओळखीची होती, ऑपरेशननंतरची. स्टेजशी बोलायला मिक्सरवरच एक छोटा माइक होता, त्यावर ते बोलले. आधी नुसतं, “भाऊजी?” मग, “मी आहे इथे. पोरगा.” शीळ क्षणभर थांबली. मग लागोपाठ दोनदा आली, घाईनं. हिरवे दिवे पाचपर्यंत चढले.

मागचं दार उघडून वायरमन आत आला. हातात टॉर्च आणि पक्कड. मेन बंद करून स्टेजमागचा फ्यूज बदलायचाय, सहाला दुसऱ्या लोकांची सभा आहे, मॅनेजर डोकं खातोय, असं त्यानं सांगितलं. मेहुण्यांनी हातानंच त्याला थांबवलं. दहा मिनिटं, ते म्हणाले. वायरमन कठड्याला टेकून उभा राहिला. माणूस भला होता. दहाची पंधरा मिनिटं होऊ दिली त्यानं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मोटारीकडे जाणाऱ्या भाऊजींचा आवाज कॉरिडॉरमधून आला, भरदार, न तुटणारा, कुणाला तरी काहीतरी सांगत दूर दूर जाणारा. त्याच्यामागून ताईचं हसू.

दिवे तीनवर आले होते.

“मेहुणे,” वायरमन म्हणाला, “आता करू ना बंद?”

मेहुण्यांनी फेडरवर बोट ठेवलं आणि ते तसंच धरून ठेवलं. दोन दिवे चढले, उतरले. वायरमन मेनच्या पेटीकडे चालू लागला.