मधमाश्या घेऊन आलेला पाहुणा

चिवेताचा घाट उतरताना पिकअपच्या हौद्यात बसलेल्या माणसाला फार लाजून चालत नाही. वळण आलं की शेजारच्याच्या खांद्यावर कलंडायचं, पुढच्या वळणाला त्याला आपल्या अंगावर कलंडू द्यायचं. वेझी लहानपणापासून हा घाट उतरत आली होती. मुझुझू शहरातलं काम आटोपून परतताना ती नेहमी कडेची जागा धरायची, म्हणजे एका बाजूनं तरी सुटका.

त्या दिवशी दुसऱ्या बाजूला एक परका तरुण बसला होता. उंच, किडकिडीत. गवती टोपी वाऱ्यानं उडू नये म्हणून मांडीखाली दाबलेली, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक लाकडी पेटी.

पेटी गुणगुणत होती.

वेझीनं कान दिला. नाही, इंजिन नव्हे हे…

"तुमच्या पेटीत काहीतरी आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

"राणीसाहेब आहेत," तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "माहेरून सासरी निघाल्यात. सोबत लवाजमा आहे थोडा."

समोर टोमॅटोची टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "काय म्हणतो गं हा? कोण राणी?"

"मधमाश्या आहेत आजी, पेटीत."

मग काय! म्हातारीनं ड्रायव्हरच्या टपावर अशा थापा मारल्या की पिकअप वळणावरच थांबला. "उतरव रे मला मेल्या! मरायचंच असतं तर घरी नसते का मेले?" ड्रायव्हरनं कसंबसं तिला पुढं आपल्या शेजारी घेतलं. उरलेले सगळे हौद्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसले. अलीकडे राहिली एकटी वेझी.

"तुम्ही नाही पळालात?" त्यानं विचारलं.

"जागा कुठं ठेवलीय त्यांनी?"

पुढच्या वळणाला पेटी सरकून थेट तिच्या गुडघ्यांवर आली. तिनं दोन्ही हातांनी धरली. लाकूड आतून थरथरत होतं, कोमट लागत होतं… आणि पेटी सावरायला आलेले त्याचे हात तिच्या हातांशेजारी येऊन थांबले. घाट संपेपर्यंत ते तिथंच होते. वळणं होतीच तशी, त्याला कोण काय करणार!

"कुठं निघालात?"

"चिझुंब्याला. वर्षभर राहायचंय. तिथल्या तरुण मंडळाला मधमाश्या पाळायला शिकवायचंय. मी सिमीयू, केनियातला, बुंगोम्याचा." मग तो जरा खाली वाकून म्हणाला, "तिथं कुणी वेझी म्हणून आहेत, मंडळाचे प्रमुख. फार कडक गृहस्थ दिसतात हो."

"कशावरून?"

"त्यांचे निरोप! 'वेळेवर या. फुटबॉल आणू नका. भिंती रंगवायच्या नाहीत.' मी तर मनात पोट सुटलेले, मिशीवाले काका धरून बसलोय."

"मिशी नाही त्यांना."

"ओळखता तुम्ही?"

"रोज आरशात भेटतात," वेझी म्हणाली.

त्याचा चेहरा असा काही झाला की पलीकडच्या कोपऱ्यातली माणसंसुद्धा हसली, आणि खाली सरोवराचं निळं पाणी दिसेपर्यंत तो नुसता पेटीकडे बघत राहिला.

*

फुटबॉल आणि भिंतींची गोष्ट खोटी नव्हती. चिझुंब्याला पाहुणे स्वयंसेवक नवे नव्हते. एकानं शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढला, एकीनं मुलींना नाच शिकवला, एकानं चेंडू वाटले. सगळे गोड होते. सगळ्यांनी जाताना मिठ्या मारल्या, फोटो काढले, पुन्हा येऊ म्हणाले. आणि दर वेळी चौफुलीवर उभं राहून बसला हात हलवायची ती वेझीनं. नंतर मुलं विचारायची, ताई, ते कधी येणार? तिला उत्तर देता येत नसे. म्हणून आता ती पाहुण्यांना कामापुरतंच जवळ करायची.

सिमीयूशीही तिनं तसंच ठरवलं होतं.

गोंडवेकाकांच्या मालकीची डोंगराकडची झाडी होती. गावातल्या तरुणांनी ती कोळशासाठी निम्मी तोडली होती. दुसरा धंदाच नव्हता तर काय करतील? काका चर्चमध्ये गाणी बसवायचे, पण झाडीचा विषय निघाला की त्यांचा सूर बिघडायचा. "मधानं पोट भरणार असेल तर झाडं घ्या माझी," ते म्हणाले. "नाही भरलं तर मात्र हा पाहुणा टांगून ठेवीन एखाद्या फांदीला."

पेट्या टांगल्या गेल्या. सिमीयूनं आणलेल्या राणीचा संसार पहिल्या पेटीत मांडला. बाकीच्या पेट्या रिकाम्याच… रोज सकाळी मंडळातली पोरं झाडाखाली उभी राहून वर बघायची, आणि टिवोंगे म्हणायची, "माश्यांना निमंत्रणपत्रिका पाठवायची राहिली वाटतं." टिवोंगे मंडळातली सगळ्यात तोंडाळ आणि सगळ्यात कामसू मुलगी.

त्या रिकाम्या दिवसांत वेझीनं पाहुण्याला धीर द्यायचा म्हणून सांगितलं, "हे बघा, काळजी करू नका. आमच्याकडची माणसं उचीसाठी वेडी आहेत. उची दिसली की म्हातारेकोतारेही धावत येतात."

सिमीयूच्या हातातला दोर गळून पडला. "म्हातारेसुद्धा?"

"मग! माझी आई तर रोज सकाळी उची मागते."

तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. कान लाल झाले होते. "वेझी… उची म्हणजे नक्की काय तुमच्यात?"

"मध. का? तुमच्यात काय?"

तो झाडाकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "स्वाहिलीत… म्हणजे… अंगावर काही न घालणं."

वेझी जी हसत सुटली ती खाली गवतावरच बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो आधी ओशाळला, मग तोही हसायला लागला. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण कामापुरतं जवळ करायचं ठरवलेलं विसरलोय.

*

माश्या आल्या. आंब्याला मोहर आला आणि रानात एकामागून एक थवे पेट्यांत शिरले. टिवोंगेनं आनंदानं गोंडवेकाकांचाच हात धरून नाच केला.

एकदा धुराचा डबा वेझीच्या हातात होता आणि तिचं लक्ष डब्यावर नव्हतं. सिमीयू शिडीवर उभा राहून पेटीशी काहीतरी पुटपुटत होता. तो माश्यांशी नेहमी त्याच्या बुकुसू भाषेतच बोलायचा, वडीलमाणसाशी बोलावं तसं अदबीनं. ती बघत राहिली… आणि एक माशी तोंडावरच्या जाळीत शिरून थेट तिच्या ओठावर डसली.

तो शिडी उतरून आला. तिला पेट्यांपासून लांब नेऊन त्यानं जाळी वर केली. "चिमटीत नाही धरायचा काटा, विष आत जातं. नखानं खरवडायचा. हलू नका."

"मी कुठं हलतेय?"

"बोलू नका. ओठ हलतो."

त्याच्या बोटांना धुराचा आणि मेणाचा वास होता. त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता. काटा निघाला, तरी बोट जरा वेळ तिथंच राहिलं.

"निघाला?" तिनं विचारलं.

"केव्हाच."

"मग?"

"मग… काही नाही." त्यानं हात मागे घेतला. "फार दुखतंय का तुला?"

तुला! पहिल्यांदाच. दोघांनाही ऐकू आलं, आणि दोघांनीही ऐकू आलं नाही असं दाखवलं.

घरी आईनं तिचा सुजलेला ओठ बघितला. आई चौफुलीवर मंदासीचे गोड गोळे तळून विकायची. कढईपुढं आयुष्य गेल्यामुळे तिचं बोलणंही तसंच खरपूस होतं. "माशीच होती ना गं नक्की?" तिनं विचारलं.

"आई!"

"विचारलं आपलं. केनियाच्या माश्या कशा असतात आम्हाला काय ठाऊक."

*

दिवस असे मजेत गेले. पहिला मध निघाला, दुसरा निघाला. मंडळातल्या पोरांनी कोळशाच्या भट्ट्यांकडे पाठ फिरवली. संध्याकाळी सरोवराच्या काठी, उसिपा मासळी वाळवायच्या मांडवांशी ती दोघं बसायची. मासे हलवणाऱ्या बायका मुद्दाम मोठ्यानं गाणी म्हणायच्या. सिमीयूचं वर्ष संपत आलं होतं. त्याबद्दल मात्र कुणीच बोलत नव्हतं.

अशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या मुझुझूच्या कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. या योजनेत केनियाची मुलं इकडे येत, तशी इकडची तिकडे जात. बाई म्हणाल्या, "वेझी, यंदा तू जा. एक वर्ष. मुलींच्या मंडळाचं काम आहे. इतकी वर्षं पाहुणे सांभाळलेस, आता पाहुणी होऊन बघ."

सरहद्दीवरच्या सोंग्वे नदीचा पूल ती एकदाही ओलांडून गेली नव्हती. तिनं हो म्हणून टाकलं. फोन ठेवला. सिमीयूला कसं सांगायचं?

तिनं ते तीन-चार संध्याकाळी मनात घोळवलं. शेवटी मांडवाशी बसून श्वास घेतला. "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"मलाही."

"तू आधी."

"नको, तू."

"बरं, एकदमच बोलू."

आणि दोघं एकदमच बोलले.

"मी थांबतोय."

"मी जातेय."

पलीकडे गाणाऱ्या बायका गायच्या थांबल्या.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"केनियाला. तुझ्याच बुंगोम्याला. आणि तू… किती थांबतोयस?"

"आणखी एक वर्ष. कालच मुदत वाढवून मिळाली."

"मला विचारलंस?"

"तू विचारलंस मला?"

वेझीला हसावं की रडावं कळेना. तिला राग आला. कुणाचा तेच समजेना. "मग मी नाही जात. उद्याच कळवते बाईंना."

"कळव. मग मी परवाच्या बसनं घरी जातो."

"का?"

सिमीयूनं एक वाळलेला मासा उचलला आणि उगाच दुसऱ्या बाजूवर उलटा ठेवला. "कारण उद्या कधी आपलं भांडण झालं, की तू म्हणशील, तुझ्यामुळं माझं जाणं राहिलं. म्हणशील बघ. आणि ते खरं असेल. वेझी, तू सगळ्यांना निरोप देत आलीस. एकदा तरी कुणीतरी तुझ्यासाठी चौफुलीवर उभं राहू दे."

ती पाण्याकडे बघत राहिली. लांब होड्या निघाल्या होत्या. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "मी गेले आणि मंडळ मोडलं तर?"

"मंडळ टिवोंगे चालवेल, तुझ्याहून कडक चालवेल. मी पेट्या बघेन. आणि तुझी आई आम्हा दोघांना बघेल."

"आणि तू कंटाळून निघून गेलास तर? सगळेच जातात, सिमीयू."

"मंडळासाठी मी वर्षभर थांबलोय." तो अडखळला. "तुझ्यासाठी… त्याला काही मुदत घातलेली नाही मी. माझं प्रेम आहे तुझ्यावर. चिवेताच्या त्या घाटापासूनच, खरं सांगायचं तर. उतार होता, सावरताच आलं नाही."

वेझीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण मांडवाआडून इतके कान टवकारलेले दिसत होते की ते तिथंच अडलं.

"बघू," ती म्हणाली.

"बघू?"

"बघू म्हटलं ना!" आणि तिनं त्याचा हात धरला. बायकांनी गाणं पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा दुप्पट जोरात.

*

ती निघायच्या आदल्या सकाळी गोंडवेकाका चर्चचा कोट घालून तिच्या अंगणात आले. मागणी घालायला मध्यस्थ यावा तसे, रीतसर. सिमीयूचं इथं कुणी नव्हतं, म्हणून काकाच त्याचे काका झाले होते.

"तुमच्या अंगणातली एक कोंबडी," काका खाकरत म्हणाले, "आमच्या नजरेत भरलीय."

आईनं हात पुसले. "तुमचा कोंबडा कुठला?"

"लांबचा आहे. पण आरवतो वेळेवर."

आईनं वेझीला बोलावलं. रिवाजाप्रमाणे मुलीला विचारायचं असतं, आणि तिच्या शब्दाशिवाय पुढं काही सरकत नाही. "हे पाहुणे कुणाकडून आलेत, ओळखतेस का तू?"

"ओळखते," वेझी म्हणाली.

"नीट ओळखतेस?"

"नीट ओळखते, आई."

आई काकांकडे वळली. "कोंबडी परदेशी, कोंबडा माझ्या अंगणात! असली सोयरीक बापजन्मी ऐकली नाही. बसा. चहा घ्या. बाकीचं ती आल्यावर."

दुसऱ्या दिवशी चौफुलीवर सगळं मंडळ जमलं. बस सुटली. खिडकीतून वेझीनं मागे वळून पाहिलं. हात हलवणाऱ्यांत सिमीयू सगळ्यांत उंच दिसत होता, आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिनं मान वळवली नाही. मग ती पुढं बघायला लागली. सोंग्वेचा पूल आला तेव्हा तिला वाटलं होतं रडू येईल. पण आली ती नुसती उत्सुकता.

बुंगोम्याच्या स्टँडवर तिला न्यायला सिमीयूची आईच आली होती. उंच, किडकिडीत, तशीच गंभीर. घरी पोचल्यावर तिनं मक्याची उगाली आणि सुकुमाची पालेभाजी वाढली, फोन लावून मुलाला वेझी पोचल्याचं सांगितलं, फोन ताटाशेजारी ठेवला आणि समोर बसली.

"माझा मुलगा तिकडे नीट जेवतो का?"

"जेवतो. माझी आई त्याला माझ्यापेक्षा जास्त वाढते."

"काम करतो?"

"खूप."

"तो घरी येणार होता. आला नाही. का थांबला ते सांगितलंय त्यानं मला." तिनं वेझीच्या ताटात आणखी भाजी घातली. "त्याचं कळलं. तुझं काय? तुझं प्रेम आहे का त्याच्यावर, पोरी?"

इथं मांडव नव्हता, गाणाऱ्या बायका नव्हत्या. अंगणात कोंबड्या होत्या आणि समोर त्याच्यासारखेच डोळे होते. वेझीला वाटलं, किती सोपं आहे हे…

"आहे," ती म्हणाली. "खूप आहे. मी त्याला अजून सांगितलं नाहीये."

ताटाशेजारून एक खोकल्याचा आवाज आला. मग घसा साफ केल्याचा.

"आई," फोन म्हणाला, "तू फोन बंद करायला विसरलीस."

"विसरले कुठं?" ती बाई तितक्याच गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या वेझीपुढं सरकवला.