माइकच्या पडद्यावरचा श्वास

जुने माइक विकणाऱ्या त्या माणसाला आम्ही दोघी बहिणी गोडबोल्या म्हणायचो. त्याच्या दुकानात नवं काही नसायचं, फक्त थापा रोज ताज्या असायच्या. त्या दुपारी मी त्याच्याकडे गेले ती ताईसाठी माइक आणायला. ताई पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, आवाजावरच तिचं पोट होतं. तिला एका मोठ्या कादंबरीचं काम मिळालं आणि नेमका तेव्हाच तिचा माइक खरखरायला लागला. माइक दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे त्यात आता काही राम उरला नाही, हे तिला मलाच सांगावं लागलं.

"हा न्या," गोडबोल्या म्हणाला. "बंद पडलेल्या स्टुडिओतला आहे. असा पीस पुन्हा मिळायचा नाही."

"तुमच्याकडचा प्रत्येक पीस असाच असतो."

एरवी तो फिदीफिदी हसला असता. त्या दिवशी त्यानं माइक फडक्यासकट माझ्या हातात कोंबला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन मी जाळी उघडली. आतल्या स्पंजचा पार भुगा झाला होता. ज्येष्ठमधाचा वास आला आणि त्याखाली शिळ्या श्वासाचा. माइकच्या आत सोन्याचा मुलामा दिलेला पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. बोलणारे वर्षानुवर्षं त्याच्यावर श्वास सोडतात आणि त्याचा राप बसतो. डिस्टिल्ड वॉटरचा थेंब सोडून मऊ ब्रशनं तो उचलायचा. हात जरा जड पडला की पडदा गेला. माझं आयुष्य लोकांच्या थुंकीत चाललंय, असं मी ताईला नेहमी म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, "माझं लोकांच्या शब्दांत चाललंय. तुझं बरं."

हा राप मात्र हटेना. पडदा लख्ख व्हायचा, आणि मी ब्रश धुऊन परत बघेपर्यंत त्याच्यावर पुन्हा धुकं. आरशापुढे तोंड नेऊन कुणी 'हा' करावं, तसं. हवेत दमटपणा असेल, असं म्हणून मी दिवा जवळ ओढला आणि पडदा सुकवला. कामात फार विचार करत बसलं तर कामच होत नाही.

माइक जोडून ताईला बसवलं. तिनं हेडफोन लावले, पहिलं पान वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली.

"छोटे, माझा आवाज पोकळ येतोय गं. विहिरीतून आल्यासारखा."

मला हसू आलं. आमच्या धंद्यातली ही ठरलेली चूक. माणूस स्वतःचा आवाज कानानं ऐकतो तसाच डोक्याच्या हाडांतूनही ऐकतो. माइकच्या मागच्या दोन तारांची अदलाबदल झाली, की हेडफोनमधला आवाज आणि हाडांतला आवाज एकमेकांना खोडतात. मी तारा सोडवल्या, जागा बदलून पुन्हा कथलाचा डाख दिला.

"आता?"

"अजून तसंच… जास्तच."

"मस्करी पुरे, ताई."

मी स्वतः हेडफोन लावून बोलले. माझा आवाज खणखणीत. मग पुन्हा तिनं. तिचा पुसट. तारा दोनच, त्या लावायच्या तऱ्हाही दोनच. त्यांतली एक बरोबर असायलाच हवी. दोन्हींत तिचाच आवाज खोडला जात होता… जणू कुणी तिच्याबरोबर, तिच्याच चालीत, उलटं बोलत होतं. हे मी तिला सांगितलं नाही. "कान तपासून घे," एवढंच म्हणाले.

काम थांबवणं शक्य नव्हतं. प्रकाशकाला तारखा प्याऱ्या होत्या, वाचणाऱ्या बाईचा घसा नव्हे. ताई वाचत गेली आणि तिचा आवाज हेडफोनबाहेरही विरत गेला. आधी भांडायचा जोर गेला, मग फोनवर "कोण बोलतंय?" असं तिलाच लोक विचारू लागले. कादंबरी अर्ध्यावर आली आणि एका सकाळी तिनं मला हाक मारली तर नुसते ओठ हलले. आत वाराच.

डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. "काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. मग वर, "मनावर घेऊ नका." ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

तिला घरी सोडून मी तशीच गोडबोल्याकडे गेले. त्यानं मला लांबूनच पाहिलं आणि मान खाली घातली.

"त्या माइकवर आधी कोण होती?" मी विचारलं.

"एक बाई होती. सिनेमातल्या नट्यांना आवाज द्यायची. जन्म गेला तिचा त्या माइकपुढं. टाळ्या नट्यांना… मान दुसऱ्यांना…"

"नाव काय तिचं?"

"नाव कुठं छापलंच नाही कधी, तर मला कुठून ठाऊक असणार?" तो पुटपुटला. "माइक परत आणू नका. हात जोडतो."

मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. तिचं ज्यांनी लुबाडलं त्यांच्या वाटेला ती गेली नाही. माझ्या गरीब बहिणीवर हात टाकला.

मी घरात पाऊल टाकलं आणि प्रकाशकाचा फोन आला. "उरलेली सगळी प्रकरणं मिळाली! ताईंना सांगा, शेवट तर काय वाचलाय! असं त्यांनी कधीच वाचलं नव्हतं."

मी ताईच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर उघडला. सगळी प्रकरणं तिथं होती, शेवटापर्यंत. आम्ही दोघी दवाखान्यात होतो आणि घराला कुलूप होतं, तेव्हा ध्वनिमुद्रित झालेली.

उघड्या दारातून ताई दिसत होती. स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून भाजी निवडत बसली होती. तिला काही कळू नये म्हणून मी हेडफोन लावले आणि शेवटचं प्रकरण ऐकलं. आवाज ताईचाच होता. फक्त त्यात एक सराईत दुःख होतं, जे ताईकडे कधीच नव्हतं. मला रडू फुटलं, इतकं ते सुंदर होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

कादंबरी संपली. शेवटी वाचणारीनं आपलं नाव सांगायचं असतं. जरा वेळ नुसती शांतता… मग एक श्वास… आणि माझ्या बहिणीच्या आवाजात, एकेक अक्षर जपून, एका बाईचं नाव आलं. ते ताईचं नव्हतं. मी ते कधी ऐकलंही नव्हतं.

हेडफोन माझ्या कानांवर घट्ट होते. बाहेर काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

तरी ताईचा भाजीवरचा हात थांबला. कुणी हाक मारल्यावर वळावं तशी ती वळली आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून पहिल्यांदा आवाज फुटला.

"ओ," ती म्हणाली.