गाडीखालून आलेली हाक

ही गोष्ट मी आजवर फक्त माझ्या बहिणीला सांगितली. तिला खोटी वाटली. तुम्हालाही वाटेल. पण त्या दिवशी तिथे मी होते, माझी पोरगी होती... आणि तिसरं कोण होतं, ते मला अजून माहीत नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल, रविवार.

आमचं गाव तिरोड्यापासून सात-आठ किलोमीटर. अंगणातून पॉवर प्लांटच्या चिमण्या दिसतात. माझे मिस्टर उमेंद्र घरीच गाड्यांची सजावट करायचे. सीट कव्हर, हॉर्न, लाइट. त्या दिवशी तिलकची पांढरी कार आली होती. तिलक म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ. चार दिवसांवर त्याचं लग्न. वरातीत गाडीखालून जांभळा उजेड पडला पाहिजे, ही त्याची हौस. त्यासाठी गाडीच्या खालच्या अंगाला चारही बाजूंनी लाइटच्या पट्ट्या लावायच्या होत्या.

सासू-सासरे पाहुण्यांकडे गेले होते. घरात आम्ही तिघंच.

जेवून हे गाडीखाली शिरले. मी पाच वर्षांच्या दुर्गेश्वरीला घेऊन कूलरसमोर आडवी झाले.

जाग आली ती एका आवाजानं.

चर्र... चर्र...

चिकटपट्टी ओढून फाडल्याचा आवाज.

मी बाहेर आले. गाडी जॅकवर, खाली विटांचा आधार. ऊन इतकं कडक होतं, की गाडीखाली नुसता काळोख दिसत होता.

"रविता..."

ह्यांचाच आवाज.

"काय जी?"

"पक्कड दे."

पक्कड पायरीवर होती. मी वाकून ती गाडीखाली सरकवली. आतून ओढून घेतली गेली.

"पाणी आणू का जी?"

"नको."

"किती वेळ लागन आजून?"

नुसतं... चर्र... चर्र...

हे गाडीखाली असले की पाय गुडघ्यापर्यंत बाहेर दिसतात. त्या दिवशी दिसत नव्हते. मला वाटलं, आत सरकले असतील.

आमचा कुत्रा रोज दुपारी गाडीच्या सावलीला झोपतो. त्या दिवशी तो फाटकाबाहेर, उन्हात उभा होता. मी बोलावलं. शेपटी हलवली... पण आत आला नाही.

आणि मग गाडीखाली उजेड पडला.

जांभळा.

"लागला जी लाइट!" मी म्हटलं.

"एक जोड राहिला. माझा हात जाऊन नाही राहिला. पोरीले पाठव."

"काऊन?"

"तिचा हात बारीक आहे."

दुर्गेश्वरी डोळे चोळत दारातच उभी होती. मीच म्हटलं, "जा बेटा, बाबाले वायर धरून दे."

मीच म्हटलं.

ती खुशीत पालथी झाली. डोकं आत गेलं. खांदे आत गेले...

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली.

तिच्यावर उमेंद्र होते. मागच्या सीटवर दोरीनं बांधलेली कारची बॅटरी.

"कायले उन्हात उभी आहेस वो? बॅटरी उतरली होती, तिरोड्याहून चार्ज करून आणली. तू झोपली होतीस म्हून उठवलं नाही."

मी गाडीकडे बोट दाखवलं.

गाडीखालून आवाज आला...

"पुढे सरक ना, बेटा."

तो ह्यांनीही ऐकला. स्वतःचाच आवाज.

मी पोरीचे पाय धरले आणि ओढले.

आली नाही.

मोटरसायकल तशीच आडवी टाकून हे धावले. दोघांनी मिळून ओढली. पोरगी एकदम सुटली. मी पाठीवर पडले, ती माझ्या अंगावर. अंग थंडगार. एप्रिलमध्ये. पण ती रडत नव्हती.

हे खाली वाकले.

कोणी नव्हतं. पक्कड नव्हती. चिकटपट्टीही नव्हती.

लाइट मात्र चालू होता. गाडीत बॅटरी नव्हती. वायरची दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती.

"मी एकच पट्टी लावली होती..." हे पुटपुटले.

चारही लागल्या होत्या. एकदम सरळ, नीट.

आमच्या डोळ्यांसमोर लाइट विझला.

संध्याकाळ व्हायच्या आत ह्यांनी पट्ट्या काढून टाकल्या. तिलकला सांगितलं, माल खराब निघाला. तो चिडला, पण वरात साधीच निघाली. त्याला काही झालं नाही. गाडीलाही नाही. आमच्या अंगणात पूर्वी कधी काही घडलं होतं का, ते सासऱ्यांना विचारलं. त्यांना काहीच आठवेना. शेजारच्या सुशिलाबाईंनाही नाही.

ह्यांनी ते काम सोडलं. आता तिरोड्यात एका दुकानात फक्त सीट कव्हर बसवतात.

दुर्गेश्वरीला आम्ही कधी काही विचारलं नव्हतं. विसरली असेल, असंच धरून चाललो. मागच्या महिन्यात शाळेसाठी तिची वेणी घालत होते. काय वाटलं कोण जाणे, विचारून बसले.

"त्या दिवशी गाडीखाली कोण होतं वो?"

"बाबा."

"काय करून राहिले होते?"

"माझ्याकडे पाहून राहिले होते. मले म्हणे, आईले सांगजो नको."

माझे हात थांबले.

"काय सांगजो नको?"

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. थोडी हसली. दप्तर उचललं आणि शाळेत पळाली.

पुन्हा विचारायची माझी हिंमत झालेली नाही.