खैरतळ्यात बुडालेले अग्निबाण

“बुडाला! ह्योबी बुडाला!” काठावरच्या खडकावरून गुंडा ओरडला.

तलावाच्या मध्यावर नारंगी हवाई छत्री पसरली होती आणि तिच्याखालचा माणसाएवढा अग्निबाण बुडबुडे सोडत तळाला निघाला होता. मांडवातले पाहुणे ‘अरेरे’ म्हणाले आणि पुन्हा भज्यांकडे वळले.

सत्त्याहत्तर सालची उन्हाळ्याची सुट्टी. औंधपासून आठ मैलांवरच्या खैरतळे गावात सांगलीहून सयाजीराव इंजिनीअर आले होते. उडवलेला अग्निबाण समुद्रातून उचलायचा, पुन्हा दारू भरायची आणि पुन्हा उडवायचा, अशी त्यांची योजना. समुद्राआधी सराव तलावात! कल्पना झकास होती. साहेबांबद्दल तसं म्हणता येत नव्हतं. त्यांचं निम्मं लक्ष पाहुण्यांच्या चहाकडे आणि उरलेलं स्वतःच्या हॅटकडे असायचं.

अग्निबाण तरंगायचा तो टोकातल्या हवाबंद पत्र्याच्या डब्यामुळे. तो डबा केला होता गावच्या दिलावर पत्रेवाल्यांनी, म्हणजे मदिनाच्या अब्बांनी. सांधे जोडायला कथिलाचे डागही त्यांनीच दिले होते.

“दिलावर, तुझे डाग कच्चे!” सयाजीराव सगळ्या मांडवादेखत गरजले. “दोन अग्निबाण घालवलेस! आता पहिल्या चाचणीतला तेवढा उरलाय. उद्या तोही बुडाला, तर सांगलीच्या बाजारात तुला कुणी साधा कंदील जोडायला देणार नाही!”

अब्बा खाली मान घालून घरी गेले. मदिनाच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. साहेबांनी बुडालेला डबा बाहेर काढून बघितलासुद्धा नव्हता! न बघता निकाल देणाऱ्यांची त्या मांडवात काही वानवा नव्हती.

“अब्बांचा डाग गळत न्हाई,” ती म्हणाली. “पैल्या चाचणीचा अग्निबाण तरंगला की! मी बघितलाय. भोपळ्यावानी डुलत व्हता.”

“त्या दिशी काय येगळं व्हतं?” विजूनं विचारलं. विजू म्हणजे विजयमाला. मदिना-गुंडाच्या वर्गात पहिली आणि प्रश्न विचारण्यातही पहिलीच.

“काय न्हाई. फकस्त पाव्हनं नव्हतं.”

“मंग पाव्हन्यांच्या नदरंनं बुडला म्हनायचा!” गुंडा हसला. “उगं डोस्कं कशाला शिनवताय? वर काढून बघू की!”

गुंडाच्या चुलत्याचं गुऱ्हाळ उन्हाळ्यात बंद असे. उसाचा रस कढवायची, भल्यामोठ्या परातीसारखी लोखंडी काहील तिथं पालथी पडलेली होती. पुरात लोक याच काहिलीत बसून नदी ओलांडतात. तिघांनी ती ढकलत तलावात आणली. पण काहिलीची एक खोड असते. ती सरळ म्हणून जात नाही.

“गुंड्या, आपन म्होरं चाललोय का नुसतं गरागरा फिरतोय?”

“दोनी!”

मे महिन्यात तलावाला पाणी जेमतेम पुरुषभर. गुंडानं बुडी मारली, दोर बांधला आणि तिघांनी अग्निबाण ओढत काठाला आणला. मदिनानं डब्याच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. एकूण एक डाग शाबूत! पण टोकाशी पत्रा आत चेपला होता, नखभर फाटला होता, आणि त्या फटीत काहीतरी तपकिरी अडकलं होतं.

“काथ्या हाय,” गुंडा म्हणाला.

“नारळाची शेंडी!” विजू किंचाळली. “हंबीरराव!”

हंबीरराव म्हणजे तालुक्याचे पुढारी. ट्रॅक्टर आला, फोड नारळ. पंप आला, फोड नारळ. तोही हळू नाही, दाणकन! ट्रॅक्टरला ते सोसतं. पण या शहाण्यानं दोन्ही वेळा अग्निबाणाच्या पातळ टोकावरच नारळ आपटला होता, आणि आमचे इंजिनीअरसाहेब शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते!

तिघं धावत सयाजीरावांकडे गेली.

“गोट्या खेळा जा!” साहेब खेकसले. “इंजिनीअर मी का तुम्ही? हंबीररावांना नारळ फोडू नका म्हणून मी सांगू?”

अग्निबाण बुडालेला साहेबांना चालत होता. पुढारी रुसलेला चालत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मांडव पुन्हा भरला. हंबीरराव नारळ घेऊन स्टुलावर चढले. एवढ्यात विजू पुढं झाली.

“आवं आप्पासाहेब, कालच्या फोटूत तुमी दिसनारच न्हाईसा!”

हंबीररावांचा वर गेलेला हात तिथंच थांबला. “का गं?”

“टोकावर फोडताना तुमची पाठ व्हती फोटूवाल्याकडं. नुसतं धोतरच यील!”

“खाली ह्या दगडावर फोडलासा, तर त्वांड झ्याक दिसंल,” मदिना म्हणाली. हळदकुंकू लावलेला दगड गुंडानं आधीच मांडून ठेवला होता.

हंबीररावांनी क्षणभर विचार केला. त्याहून जास्त त्यांना झेपतही नसे. मग स्टुलावरून उतरून, फेटा सारखा करून त्यांनी दगडावर नारळ फोडला!

सूंऽऽ! अग्निबाण आभाळात गेला. छत्री उघडली. धप्पकन तो पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला. अब्बांनी डोळे मिटून घेतले.

आणि टोक वर आलं!

“तरंगला! अब्बा, तरंगला!”

साहेबांची मोटारबोट चिखलात रुतली होती. शेवटी गरगर फिरणाऱ्या काहिलीतूनच मुलांनी अग्निबाण काठाला आणला. मदिनानं कालचा फुटका डबा शेजारी ठेवला.

“डाग बघा, साहेब. आनि ही शेंडी बघा.”

साहेबांनी पहिल्यांदाच चष्मा लावून नीट बघितलं. चेहरा पडला. “बरोबर आहे,” ते पुटपुटले. “डाग पक्के आहेत, दिलावर. पुढचे डबे तूच कर.”

“काल मांडवादेखत बोलला व्हता, साहेब,” अब्बा शांतपणे म्हणाले. “आज बी मांडवादेखतच बोला.”

साहेबांना माईकसमोर उभं राहावंच लागलं. “डाग पक्के होते. चूक... चूक माझी होती!” सर्वांत जोरात टाळ्या हंबीररावांनी वाजवल्या. डबा कुणाच्या नारळानं फुटला, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

“शाब्बास रं पोरांनो!” म्हातारे केरबा सुभेदार म्हणाले. “मांडवात दीडशे मानसं, पर डोळं फकस्त तुमास्नीच!”

संध्याकाळी तोच अग्निबाण, नवी दारू भरून, पुन्हा उभा राहिला. पाहुणा एकही नव्हता. “बटण तुम्ही दाबा, दिलावरभाई,” सयाजीराव म्हणाले.

अब्बांनी मदिनाला पुढं केलं. “ही दाबंल.”

मदिनानं बटण दाबलं.