बदली येईपर्यंत उठू नको

पटलं तर घ्या, पण हे माझ्या सख्ख्या भावाबरोबर घडलंय. गेल्या दिवाळीनंतर, परळच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये. मी तिथेच होते.

मयूरने ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या ट्रकची कंपनी काढली होती. काही वर्षांपूर्वी दसऱ्याला पहिल्या ट्रकची पूजा झाली. आमच्या गुणाजीआजोबांनी कोकणातल्या रीतीने राखणदाराला, गावाची राखण करणाऱ्या अदृश्य देवाला, गाऱ्हाणं घातलं.

"म्हाराजा, ह्या गाडीक डायवर नाय. ही खुर्ची तुझी. बदली येयपर्यंत उठा नको."

शेवटचं वाक्य गिरणीतलं. बदली कामगार आल्याशिवाय आजोबांनी कधी साचा, म्हणजे आपला माग, सोडला नव्हता. सवयीने तोंडातून गेलं.

आम्ही हसत हसत 'व्हय म्हाराजा' म्हणालो.

ट्रक अप्रतिम चालला. कुणी आडवं यायच्या आधीच थांबायचा. पेपरात फोटो आले, पैसेवाले दारात आले. मयूरचे पाय जमिनीला लागेनात.

पुढच्या दसऱ्याला आजोबा म्हणाले, "राखणदाराक नारळ दी. मोकळो कर."

"बसू दे की," मयूर हसला. "पगार थोडाच मागतोय?"

त्याच वर्षी आजोबा गेले. मग पैसेवाल्यांनी हात काढून घेतले, कंपनी बुडाली. ट्रकमधले कॅमेरे, कॉम्प्युटर, बॅटरी, सगळं विकलं. उरलेला सांगाडा गिरणीच्या शेडमधून भंगारवाला नेणार होता.

आदल्या संध्याकाळी मयूरला ट्रकबरोबर एक शेवटचा फोटो हवा होता. मी मोबाइल धरला. तो वर चढून ड्रायव्हरच्या खुर्चीत बसला...

"ताई, सीट गरम आहे गं."

मग... पलीकडचं दार उघडलं. हळूच लागलं.

माझ्या अगदी जवळून कुणीतरी चालत गेलं. दिसलं कुणीच नाही. फक्त वहाणांची करकर... फाटकापर्यंत. मग तीही नाही.

मी मयूरला हाक मारली. त्याने मान वळवली नाही. स्टिअरिंगवरचे त्याचे हात मी बाहेरून बोलावून आणलेल्या चौघांनी मिळून सोडवले.

ट्रक भंगारात गेला. मयूर लालबागला घरी आहे, खुर्चीत. हात हवेत धरून चाक फिरवत असतो. कुणी समोरून गेलं की त्याचा पाय जमिनीवर दाबला जातो. झोपत नाही. डॉक्टर म्हणतात, धंदा बुडाल्याचा धक्का.

मी नारळ आणला होता. पण ठेवू कुणापुढे? राखणदार तर मोकळा झाला.

काल भरवताना मयूर पहिल्यांदा बोलला.

"ताई... थोडा वेळ बसतेस इथे?"

मी त्याच्या तोंडात घास कोंबला आणि मागे सरकले. माझा सख्खा भाऊ. पण मी नाही बसले.

आज आई गावाहून येतेय. तिला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही.

त्याने विचारलं, तर ती लगेच बसेल.